कॅसिओने फिल्टरची नक्कल कशी केली?

सिंथेसायझर म्हटलं की आपल्याला गॅदरिंगमधला कीबोर्ड आठवतो. पण त्यातला एक आवाज नाव माहीत नसतानाही सगळ्यांच्या ओळखीचा असतो. 'वाँऽऽव' असा, कोणीतरी तोंड हळूहळू उघडत असल्यासारखा. हा रेझोनंट फिल्टरचा आवाज. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एक रेकॉर्ड काढली, ती मिळवून ऐकाच. त्यातल्या रोलंड टीबी-३०३ मध्ये हा फिल्टर खराखुरा होता, म्हणजे ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटरचा.

हा फिल्टर दोन कामं करतो. कट-ऑफच्या वरच्या फ्रिक्वेन्सीज दाबतो आणि आउटपुटचा काही भाग परत इनपुटला देऊन कट-ऑफजवळच्या फ्रिक्वेन्सीज फुगवतो. ग्राफवर उतार लागण्याआधी एक टेकाड दिसतं. कट-ऑफ सरकवला की टेकाड सरकतं आणि 'वाँव' ऐकू येतं.

आता हेच डिजिटल चिपवर करायचं म्हटलं तर प्रत्येक स्वराच्या प्रत्येक सॅम्पलसाठी बरेच गुणाकार आले. ऐंशीच्या दशकात स्वस्त चिपला ते झेपणारं नव्हतं. यामाहाच्या १९८३ च्या गाजलेल्या डीएक्स-७ मध्ये तर फिल्टरच नव्हता. कॅसिओने १९८४ मध्ये सीझेड-१०१ काढला. छोट्या ४९ पट्ट्या, बॅटरीवर चालणारा, अमेरिकेत ५०० डॉलरच्या आत. फिल्टर यातही नव्हता. तरी 'वाँव' होता!

तो कुठून आला हे कळायला मेसमधलं स्टीलचं ताट घ्या. चमच्याने टोला मारला की ते स्वतःच्या फ्रिक्वेन्सीने वाजतं आणि आवाज विरत जातो. रेझोनंट फिल्टरचं असंच आहे. सॉटूथ वेव्ह प्रत्येक आवर्तनात एकदा झटकन उडी मारते, तो टोला. फिल्टर त्यावर थरथरतो आणि पुढच्या टोल्यापर्यंत विरत जातो. कॅसिओच्या इंजिनिअर्सनी ताट ठेवलंच नाही, थरथरच थेट काढली.

एक उदाहरण करून बघू. स्वर १०० हर्ट्झचा आहे, म्हणजे आवर्तन १० मिलिसेकंदांचं. टेकाड ७३० हर्ट्झला हवं आहे. मग ७३० हर्ट्झची कोसाइन उलटी करून शून्याच्या वर उचला, म्हणजे ती शून्यापासून सुरू होऊन वर-खाली होत राहील. दर १० मिलिसेकंदांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. अडचण अशी, की एका आवर्तनात तिचे ७.३ फेरे होतात, म्हणजे शेवटी ती मध्येच तुटते आणि कर्कश उडी येते. म्हणून तिला १ वरून ० वर उतरणाऱ्या सॉटूथने गुणा. शेवटी शून्य, सुरुवातीलाही शून्य, उडी गेली. या गुणणाऱ्या आकाराला विंडो म्हणतात. सीझेडमध्ये सॉटूथ, त्रिकोण आणि ट्रॅपेझॉइड अशा तीन विंडो होत्या.

मला यातला सर्वांत सुंदर भाग पुढचा वाटतो. वेव्ह दर १० मिलिसेकंदांनी हुबेहूब परत येते, म्हणून फूरिए साहेबांच्या कृपेने तिच्यात फक्त १०० च्या पटीतल्याच फ्रिक्वेन्सीज असू शकतात. ७३० ला काहीच नाही! ७०० सर्वांत उंच आणि आजूबाजूला उतार. त्यामुळे आतली फ्रिक्वेन्सी कशीही सरकवा, स्वर बेसूर होत नाही. कोसाइन वर उचलल्यामुळे विंडोचा सॉटूथही आवाजात शिल्लक राहतो, म्हणून टेकाडाच्या खालचे हार्मोनिक्स मिळतात. आणि उडी नसल्यामुळे टेकाडाच्या वरचे झपाट्याने कमी होतात. म्हणजे चक्क लो-पास फिल्टरचाच ग्राफ. खर्च किती? एक टेबल वाचणं आणि एक गुणाकार. आतली फ्रिक्वेन्सी सरकवायला आठ टप्प्यांचं एन्व्हलप होतं. त्या विभागाचं नाव डीसीडब्ल्यू, म्हणजे डिजिटली कंट्रोल्ड वेव्ह.

पण नक्कल ती नक्कलच. खऱ्या फिल्टरमध्ये फीडबॅक वाढवला की थरथर लांबते, एका टोल्यातून दुसऱ्यात जाते आणि टेकाड सुईसारखं होतं. इथे विंडो प्रत्येक आवर्तनात सगळं शून्यावर आणते, त्यामुळे टेकाड एका मर्यादेपलीकडे टोकदार होत नाही. वरच्या स्वरांत आवर्तन छोटं, म्हणून तिथे ते हर्ट्झमध्ये आणखी रुंद. शिवाय ते स्वराबरोबर वर सरकतं, ते आवरायला की-फॉलोची सोय दिली होती. आणि या फिल्टरला 'आत' नाहीच. गिटार किंवा आपला आवाज त्यातून घालायचा म्हटलं तर घालणार कुठे?

मॅटलॅबमध्ये हे पाच-सहा ओळींत होतं. ७३० च्या जागी १०० पासून १५०० पर्यंत जाणारा आकडा द्या आणि हेडफोन लावा, रूममेट झोपलेला असेल तर जरूर लावा.