कृती सांगणे व कृती करविणे

संगणकास काम सांगण्याची भाषा नव्याने शिकणारी मुले आमच्याकडे एकच तक्रार घेऊन येतात : "सगळे बरोबर लिहिले, पण पडद्यावर काहीच उमटत नाही." दोन-तीनदा असे झाले की चांगली हुषार मुलेही 'हे आपल्यास जमणार नाही' म्हणून उठून जातात, याचे आम्हांस वाईट वाटते.

फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेली कृती. पायथन भाषेत 'डेफ' लिहून ती सांगितली की यंत्र ती लक्षात ठेवते, करीत नाही. वहीत कृती उतरविली म्हणून का पोहे तयार होतात?

आपला बडा तलाव १६६६.८० फुटांवर भरतो. तो भरावयास किती फूट उणे, हे असे काढावे :

डेफ उणे(पातळी):
    रिटर्न १६६६.८० - पातळी

एवढ्याने पडदा कोराच राहील. त्याखाली, डावीकडून सुरुवात करून, प्रिंट(उणे(१६६०)) लिहावे. मग १६६० हा आकडा 'पातळी'च्या जागी बसतो, वजाबाकी होते, 'रिटर्न' उत्तर परत देते व 'प्रिंट' ते दाखविते. ही दोन कामे निराळी आहेत. परत दिलेले उत्तर पुढील हिशेबास उपयोगी पडते, नुसते दाखविलेले पडत नाही.

२००८ साली आलेल्या पायथन ३ पासून 'उणे'सारखी नावे देवनागरीत चालतात; अंक आणि डेफ, रिटर्न, प्रिंट हे शब्द मात्र इंग्रजी लिपीतच हवेत.

उत्तर ६.८ न येता ६.७९९९ असे लांबलचक येईल. घाबरू नये. यंत्र दोनच अंकांनी मोजते, त्यात .८ नेमके मावत नाही.