बूट की अनवाणी?

आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. टाच भार घेते, बोटे जमीन धरतात आणि मधली कमान चालताना दबते व पुन्हा वर येते. ही माहिती मला गुरुजींनी सांगितली. मी ती का विचारली ते सांगतो.

शाळेत धावण्याची शर्यत होती. वडिलांनी सुतळीने माझ्या पायाची लांबी मोजली आणि बाजारातून जाड तळाचे बूट आणले. दिसायला लई झ्याक! पण पळताना करंगळीला फोड आला. माझा नंबर शेवटचा आला. मला रडू आले. मी ठरवले, आता अनवाणीच पळायचे.

तिसऱ्या दिवशी बांधावर बाभळीचा काटा टाचेत मोडला. दवाखान्यात धनुर्वाताची सुई घ्यावी लागली. चार दिवस शाळा बुडाली.

तेव्हा मामाचा मुलगा आला होता. तो रोज पळतो. त्याच्या बुटांचा तळ भाकरीसारखा पातळ, पुढे रुंद आणि टाच उंच नाही. त्यांना बेअरफूट बूट म्हणतात, म्हणजे अनवाणी बूट. मी हसलो. बूट घातल्यावर अनवाणी कसे? तो म्हणाला, "अरे, तळ पातळ असला की पायाला जमीन कळते. बोटे पसरतात आणि पावलाचे स्नायू काम करतात." पण सवय नसताना पहिल्याच दिवशी तो खूप पळाला, तर आठ दिवस पोटऱ्या दुखल्या. म्हणून सुरुवात थोडी थोडी करावी.

जाड बुटांचाही उपयोग आहे. कडक रस्त्यावर टाचेला मऊ लागते. ज्यांचे पाय दुखतात त्यांना आधाराचे बूट बरे पडतात. माझ्या आजीला मधुमेह आहे. त्यात पायाला लागलेले कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी तिला घरातही चप्पल घालायला सांगितली आहे.

गुरुजींनी इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांची गोष्ट सांगितली. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये ते ४२ किलोमीटरची मॅरेथॉन अनवाणी पळाले व जिंकले. १९६४ साली टोकियोत ते बूट घालून पळाले, तरी जिंकले! म्हणजे नुसत्या बुटांनी कोणी जिंकत नाही आणि बूट नसल्याने कोणी हरत नाही. सराव पाहिजे.

करून पाहा : कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा. मग त्यावर बूट ठेवा. रेघ बुटाबाहेर दिसली तर बूट अरुंद आहे. माझी रेघ बोटभर बाहेर आली. सुतळीने लांबी कळली, रुंदी राहिली! वडिलांनी तो कागद खिशात घालून नेला आणि बूट बदलून आणले. आता बोटे हलतात.

म्हणून मित्रांनो, काट्याकुट्यात, शेणमातीत आणि परसाकडे जाताना पायात काहीतरी घालाच. उघड्या पायातून जंत शिरतात. स्वच्छ अंगणात मात्र खुशाल अनवाणी खेळा. आणि बूट घेताना पाय बरोबर न्या!

— इयत्ता ४ थी