पन्नाशीनंतर लेखक झालेला कॉन्ट्रॅक्टर: हॉपकिन्सन स्मिथकडून दुकानदाराने काय शिकावं?



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून ही गोष्ट इथे नीट लिहितोय. आधी माझी एक चूक कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वी ट्रेनिंगला एक फॅब्रिकेशनवाले काका आले होते, वय पन्नाशीचं. रात्री वर्कशॉप बंद केल्यावर ते चित्रं काढायचे. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "काका, फोकस ठेवा. हे सगळं बंद करा." त्यांनी खरंच बंद केलं. धंदा वाढला का? नाही, होता तेवढाच राहिला. फक्त काका पूर्वीसारखे बोलेनासे झाले.

नंतर मी फ्रान्सिस हॉपकिन्सन स्मिथबद्दल वाचलं आणि माझा सल्ला किती कच्चा होता ते कळलं.

कोण हा माणूस?

जन्म १८३८, अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. घरची परिस्थिती बिघडली, कॉलेज राहून गेलं. इंजिनीअरिंगची पदवी नाही, कामावरच शिकला. पुढे न्यूयॉर्कमध्ये भागीदारासोबत बांधकामाचे ठेके घ्यायला लागला. समुद्रातली भिंत, दीपगृह, पाया, अशी अवघड कामं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आपण फोटोत बघतो ना? त्याच्या खालच्या पायाचं काम याचंच.

सगळ्यात कठीण ऑर्डर

रेस रॉक दीपगृह. जागा भर पाण्यात, लाँग आयलंडच्या खाडीत, आणि तिथे प्रवाह प्रचंड जोरात. आधी मोठमोठे दगड टाकून भर घातली. पण नुसत्या दगडांवर इमारत उभी राहत नाही. मग पाणबुड्यांनी खाली उतरून मधली जागा मोकळी केली आणि पाण्याखाली काँक्रीटचे थर बसवले. १८७१ ला सुरू झालेलं काम १८७८ ला संपलं. साइटवर त्याचा उजवा हात होता कॅप्टन थॉमस स्कॉट नावाचा पाणबुड्या.

हे सगळं चालू असताना हा गडी चित्रंही काढायचा. जलरंग आणि कोळशाची रेखाटनं. उन्हाळ्यात वेळ काढून तो प्रवासाला जायचा. व्हेनिस त्याचं फार आवडतं.

आणि मग लेखन

सुरुवात साधी होती. चित्रांच्या पुस्तकासाठी सोबत मजकूर लागतो, तो त्याने स्वतःच लिहिला. 'कर्नल कार्टर ऑफ कार्टर्सव्हिल' हे गाजलेलं पुस्तक आलं १८९१ मध्ये, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर! १८९६ मध्ये 'टॉम ग्रोगन' आली. नवरा वारल्यावर त्याच्याच नावाने मालवाहतुकीचा धंदा चालवणाऱ्या बाईची ती गोष्ट. मग १८९८ मध्ये 'केलेब वेस्ट'. त्यातला कॅप्टन जो म्हणजे आपला स्कॉट. दोन्ही कादंबऱ्या तुफान खपल्या. १९१५ ला वारला तोपर्यंत तो लिहीत होता.

आपण काय घ्यायचं?

१. धंदा सोडला नाही. ठेक्याच्या पैशावर घर चालत होतं, म्हणून चित्र काढताना "हे विकलं जाईल का?" ही भीती नव्हती. छंदासाठी गल्ल्यातले खेळते पैसे वापरू नका. वेळ द्या, भांडवल नको.

२. कच्चा माल धंद्यातूनच आला. दीपगृह संपल्यावर वीस वर्षांनी त्याची कादंबरी झाली. आपल्या काउंटरवर रोज किती माणसं येतात! आपण फक्त बिल लिहितो.

३. एका कामातून दुसरं निघालं. चित्रातून मजकूर, मजकुरातून कादंबरी. एका रात्रीत कुणी लेखक होत नाही.

फोकस हवाच, मी ते मागे घेत नाही. पण फोकस म्हणजे दुकानाच्या वेळेत दुकान. शटर खाली ओढल्यावरचा तास तुमचा आहे, तो ट्रेनरला विचारून वापरायचा नसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. रोज हिशेब झाल्यावर तीन ओळी लिहा: आज कोण आलं, काय बोललं, कुठलं काम अडलं. आणि आठवड्यातला एक तास जुन्या छंदासाठी ठरवून टाका.

गेल्या महिन्यात मी काकांना फोन करून माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "अरे, ब्रश कडक झालेत आता." रविवारी त्यांच्याकडे नवीन ब्रश घेऊन चाललोय.

तुम्ही काय माळ्यावर टाकून ठेवलंय? आज खाली काढा. भेटूया पुढच्या भागात!