भरती चढण्याआधीची कामं

बाय, चोडणचं शेत यंदापासून तू बघणार हे ठरलं, म्हणून हे लिहितोय. खत किती, फवारणी कधी, हे कृषी कार्यालयात कुणीही सांगेल. बेटावरच्या शेतीत जे निराळं आहे ते मला आजोबांनी बांधावरून चालवत सांगितलं. माझे गुडघे आता तेवढे चालत नाहीत, तेव्हा तू कागदावरून घे.

आपलं खाजन मांडवीच्या भरतीपेक्षा खाली आहे. रोज दोनदा नदी शेताच्या वर चढते आणि मधे असतो मातीचा बांध. गोव्यात अशी खाजनं सुमारे १८ हजार हेक्टर आहेत. पोर्तुगीज १५१० साली आले त्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी ती नदीकडून मिळवली आणि राखली. बांध फुटला तर त्या वर्षाचं भात जातंच, वर मीठ जमिनीत मुरलं की पुढची वर्षंही जातात. वादळ येणार म्हटलं की लोक दुकानात धावतात. तू आधी बांधावर जा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला फेरी चुकवू नकोस. भरती पुरती चढली की बांधाच्या आतल्या अंगाने, शेताच्या बाजूने चाल आणि पायथ्याकडे बघ. कुर्ल्या बांध पोखरतात. त्यांचं नदीकडचं बीळ तेव्हा पाण्याखाली असतं, पण आत झिरपणारं पाणी दिसतं. ते ओंजळीत घे. नितळ असलं तर थोडा अवधी आहे, काठी रोवून खूण कर. गढूळ असलं तर पाणी बांधातली माती घेऊन येतंय आणि आतली पोकळी वाढतेय. मग त्याच ओहोटीला माणसं जमव, दिवस मावळला असला तरी.

बीळ आतून दगड कोंबून बुजत नाही, पाणी दगडाच्या कडेने वाट काढतं. ओहोटीला नदीच्या बाजूने उकरायचं, घट्ट माती लागेपर्यंत आत जायचं, मग चिकट चिखल आणि भाताचा पेंढा थराथराने घालून प्रत्येक थर पायाने तुडवायचा. हा चिखल बांधाच्या मुळाशी खणून घ्यायचा नाही. पायाखालची माती काढून डोक्यावर ठेवली की बांध खचतो, आणि कंत्राटी कामात नेमकं हेच होतं; यंत्र हाताशी असतं, माती जवळची सोपी पडते. काम चालू असताना तिथे उभी राहा. मोठी दुरुस्ती अष्टमीच्या आसपास काढायची, तेव्हा पाण्याला जोर नसतो.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईकडे हे बऱ्यापैकी जुळतं, आपल्याकडे भरती त्याच्या जरा आधी येते. मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता मिळतो, तो वापरच. पण वादळात आधी वीज जाते आणि मागोमाग नेटवर्क, तेव्हा भिंतीवरची दिनदर्शिका कामी येते. हवामान खात्याचा इशारा आला की पहिल्यांदा तिथी बघ. वाऱ्याने लोटलेलं पाणी उधाणाच्या भरतीवर चढलं तर एरवी पुरणारा बांधही ठेंगणा पडतो.

आता मानस, म्हणजे बांधातलं झडपांचं दार. भरती चढली की मानशीच्या झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पण प्लॅस्टिकची बाटली किंवा नारळाचं सोडण फटीत अडकलं तर रात्रभर खारं पाणी आत येत राहतं. म्हणून फेरीला जाताना लांब आकडीची काठी ने. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो हे तुला ठाऊक आहे. जास्त मासळी मिळावी म्हणून भरतीला झडप उघडी ठेवणारे लोक असतात, आपल्या वाड्यावरही हे झालंय आणि कडेच्या शेतांतलं भात करपलंय. लिलावाच्या करारात झडपेच्या वेळा लिहून घ्यायला लाव. लिलावाचा पैसा बांधाला लागला का, हे सभेत उभी राहून विचार. तुझ्या आधी बाईमाणसाने विचारलं नसेल, तरी विचार. १९६४ च्या कूळ कायद्यापासून कसणाऱ्याला हक्क मिळत गेले, ते न्याय्यच झालं. पण बांध राखण्याची गावकरीची, म्हणजे गावाच्या सामायिक कारभाराची, जुनी घडी त्यात विस्कटली आणि नवी नीट बसली नाही. आज जो विचारतो त्याच्याच बाजूचा बांध दुरुस्त होतो.

बांधाला खांड पडली तर ती त्याच हंगामात बुजलीच पाहिजे. दोन-तीन वर्षं पाणी खेळतं राहिलं की शेतात तिवरं उगवतात, आणि तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे. मग ती जमीन तुझ्या नावावर राहते, पण कसता येत नाही. नदीच्या बाजूला, बांधाच्या पुढ्यात वाढलेली तिवरं मात्र जिवापाड जप. लाटेचा आणि बार्जेसच्या पाण्याचा मार तीच झेलतात. बांधाच्या अंगावर रोप रुजलं तर कोवळं असतानाच बघ, मुळं बांधात भोकं पाडतात, आणि काढण्याआधी वन खात्याला विचार.

बियाण्याचं सांगतो. ज्योती जातीचं भात जास्त पिकतं, म्हणून सगळं शेत ज्योतीखाली घालावंसं वाटेल. घालू नकोस. नदीलगतचे खोल वाफे कोरगुट भाताला ठेव. तो उंच वाढतो, कमी पिकतो, वाऱ्याने लोळतो, सगळं खरं. पण खारं पाणी शिरलेल्या वर्षी खायला तोच असतो. जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या संस्थेने कोरगुटातूनच निवडून गोवा धान १ आणि २ या जाती काढल्यात, त्याही थोड्या लावून बघ. एकाच बियाण्यावर सगळं वर्ष टांगायचं नाही.

बी कडक उन्हात वाळव, रात्रभर निवू दे, मग दाताखाली धर. कट्कन तुटलं तर भर, चावलं गेलं तर आणखी ऊन दे. निरगुडीचा पाला सावलीत सुकवून त्यात घाल. आणि सगळं बी एका घरात ठेवू नकोस. थोडं डोंगराकडच्या घरात, थोडं नदीपलीकडे नात्यात ठेव. हे आजीचं सांगणं, आणि मला तिच्या सगळ्या सांगण्यांत हे मोलाचं वाटतं. घरातलं भात संपलं तर विकत आणता येतं, पण कोरगुटाचं बी गेलं तर ते बाजारात कुणी विकत नाही.

मे महिन्यात शेताला भेगा पडतात आणि पांढरी खपली धरते, ते मीठ. पहिल्या पावसाचं पाणी वाफ्यात साचू दे, नांगरून ढवळ आणि ओहोटीला मानशीतून सोडून दे. पुन्हा साचू दे, पुन्हा सोड. मग वाफ्यात साचलेल्या पाण्यात मूठभर भात भिजव. मोड आले आणि पुढे हिरवे राहिले तर मोड काढलेलं बी फेकायला हरकत नाही. पिवळे पडले तर आणखी एकदा धुवायचं. शेजाऱ्याने पेरलं म्हणून घाई करायची नाही. बांध फुटून खारं पाणी आलं तरी उपाय हाच, फक्त जास्त वेळा.

कापणीच्या दिवसांत इशाऱ्यांकडे जास्त लक्ष दे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार किनाऱ्याला न लागता समुद्रातूनच गेलं, तरी त्याच्या पावसाने उभं भात आडवं केलं आणि लोंब्यांना मोड आले. बरंचसं पिकलं असेल आणि इशारा आला तर उरलेल्या हिरव्या दाण्यांची वाट न बघता काप.

घरातलं मामी तुला सांगेलच, मी थोडक्यात सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडं आणि विजेचे खांब पाडले, तेव्हा फ्रिजमधली मासळी कुणाच्या उपयोगी पडली नाही. सुके बांगडे, सोलं, कुळीथ, अळसांदे, खारातले आंबे आणि उकडा तांदूळ यांवर घर चालतं. सिलिंडरही बेटाबाहेरून येतो, म्हणून सुकं सरपण आणि चूल मोडू नकोस. परसात सुरण, काटेकणगी, अळू असू दे, वारा माड-केळी पाडतो पण जमिनीखालचं नेत नाही. दूर प्रशांत महासागरात वानुआतू बेटांवर वादळाची चाहूल लागली की कसाव्याच्या फांद्या छाटतात, म्हणजे झाड हलून कंद उखडत नाहीत. केळीची पानं तशीच छाटली तर तीही पुष्कळदा उभी राहते. विहिरीत खारं उतरलं तर पंप लावून एकदम उपसू नकोस, खालचं खारं वर ओढलं जातं. थोडं थोडं काढ. गुरांची दावी पाणी चढण्याआधी सोड.

नुकसान झालंच तर आधी फोटो, मग आवराआवर. पीक विम्याला ७२ तासांच्या आत कळवावं लागतं आणि फेरीबोट बंद असली तरी घड्याळ थांबत नाही. कृषी कार्ड आणि जमिनीच्या कागदांची एक प्रत पणजीला ठेव.

माझ्याकडे कोरगुटाच्या बियाण्याचे दोन मुडे आहेत. पाऊस लागण्याआधी येऊन ने. भात घरात आलं की त्यातला एक मुडा दिवाडीला आत्याकडे पोचव, तिच्याकडचं बी गेल्या पावसात भिजलंय.