शेगडी माझ्याकडे आणून दे

पुणे, रविवार रात्र

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल वहिनी आल्या होत्या. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. जानेवारीत तू दादाची सफारी घेऊन स्पितीला निघालास, गाडीतच झोपणार आहेस आणि हीटर चालत नाही म्हणून लोखंडी शेगडी आणि कोळसे आणून ठेवलेस, असं त्या म्हणाल्या. खरं आहे का हे? स्पितीला जायला माझी ना नाही. शेगडीला आहे.

एवढा शिकलास आणि हे सुचलं कसं तुला? बंद गाडीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट धरतो. गुदमरल्यासारखंही वाटत नाही, नुसती झोप लागते. इंजिन चालू ठेवून झोपायचं म्हणशील, तर तेही नको. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर आत शिरतो. शिवाय उभ्या गाडीत डिझेल इंजिन इतकं कमी तापतं, की धड ऊबही मिळत नाही.

हीटर गार का, ते मला ठाऊक आहे. दोष माझा आहे. दादा गेल्यानंतरच्या मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी तापली. मेकॅनिक म्हणाला, थर्मोस्टॅटच काढून टाकू. मी हो म्हटलं. पुण्यात कधी काही अडलं नाही. पण हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनाचं तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं, पंखा तिच्यावरून वारा मारतो, एवढंच. पाणी साधारण 80 अंशांपर्यंत तापेस्तोवर पुढच्या रेडिएटरची वाट थर्मोस्टॅट अडवून धरतो. तो नसला की थंडीत पाणी तापतच नाही. इंजिन झिजतं, डिझेलही जास्त जातं.

नाना पेठेतून नवा थर्मोस्टॅट आण, गॅस्केटसकट. तो बसला आणि इंजिन तापलं, की हीटरचे दोन्ही होजपाइप जपून हात लावून बघ. एक गरम आणि एक गार असेल, तर एक तर हीटरचा कॉक अडकलाय, नाही तर जाळी बोअरच्या पाण्याच्या क्षाराने चोंदलीय; होज काढून ती दोन्ही बाजूंनी पाण्याने धुऊन घे. दोन्ही गरम असून वारा गार असेल, तर आतली झडप आणि तिची केबल तपास. साधं पाणी सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भर. उणे 20 अंशांत साधं पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फोडतं. भरताना गाडीचं नाक चढावर ठेव, म्हणजे आत हवा अडकणार नाही. दारांची रबरं आणि गिअरच्या दांड्याखालचं रबर बदल, वारा तिथूनच येतो. रेडिएटरपुढे अर्धा पुठ्ठा लावलास तरी चालेल, पण काट्यावर नजर ठेव आणि चढ लागला की काढ. डिझेल वर गेल्यावर तिकडचंच भर; आपल्याकडचं त्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 साली उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढलं, ते याचसाठी.

हे सगळं कर, पण शेगडी नको. पुन्हा पुन्हा तेच का सांगतोय, ते आज लिहूनच टाकतो. वहिनींनाही हे ठाऊक नाही.

1986 च्या डिसेंबरात दादा आणि मी जुनी जीप घेऊन मनालीला गेलो होतो. रात्री थंडी सोसवेना. शेगडीची कल्पना माझी. दादा नको म्हणत होता, मी त्याला भित्रा म्हटलं. हुडाच्या फटी आम्ही बोळे कोंबून बुजवल्या. पहाटे एका चहावाल्याने हूड फाडून आम्हाला बाहेर ओढलं. मी तासाभरात सावरलो. दादाला दुपारपर्यंत स्वतःचं नाव सांगता येईना. पुढे त्याने एकदाही मला त्यावरून बोल लावला नाही. तो चहावाला त्या वाटेने आला नसता, तर तू जन्मालाच आला नसतास, ओंकार.

म्हणून शब्द जरा कडक झाले. मनावर घेऊ नकोस. तुझ्या वयात आम्हीही ऐकत नव्हतो, आणि दादाची गाडी तू बर्फात नेतोयस याचा मला आनंदच आहे. शक्यतो गावात एखाद्या घरी मुक्काम कर. गाडीत झोपावंच लागलं, तर इंजिन बंद ठेव आणि काच दोन बोटं उघडी. दादाची काळी घोंगडी मी ट्रंकेतून काढून उन्हात घातली आहे. ती अजून चांगली ऊबदार आहे.

येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. मी काढायला लावलेला थर्मोस्टॅट आपण दोघं मिळून बसवू. येताना शेगडीही आण. ती माझ्याकडे राहू दे.

तुझा,
काका