पैसा मार्चला, पोरं दसऱ्याला

बीडमध्ये तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थेची पहिली गाठ पडते ती ऊसतोडीच्या हंगामाशी. दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मागे राहिलेल्या पोरापोरींचं जेवण, राहणं, अभ्यास, सगळा खर्च त्याच महिन्यांत. देणग्या मात्र कर वाचवण्याच्या धावपळीत मार्चअखेर येतात आणि सीएसआरचे पैसेही बरेचदा तेव्हाच सुटतात. आर्वीचं शांतिवन असो की आमच्यासारखी लहान संस्था, ऊसतोड कामगारांची मुलं सांभाळायची तर हिवाळ्याची तजवीज उन्हाळ्यातच करावी लागते.

आमचं अनुदान संपलं तेव्हा युवक गटाने सीताफळाचा गर काढायला घेतला. बालाघाटच्या डोंगरातलं फळ, भौगोलिक मानांकन मिळालेलं. पहिला हंगाम चांगला गेला. २०१८ला पावसाने दगा दिला. फळ धरलं नाही, आणि त्याच वर्षी एरवी न जाणारी घरंही उचल घेऊन कारखान्यावर गेली. उत्पन्न आटलं तेव्हाच पोरं वाढली. म्हणून सांगतो, ज्या पावसावर गावाची चूल पेटते त्याच पावसावर वसतिगृहाची चूल ठेवू नका. गराचं काम आम्ही सोडलेलं नाही. त्यातून पोरांना कसब आणि हातखर्च मिळावा, एवढीच अपेक्षा आहे. जेवणाचा भार आता पुण्याला, चाकणला नोकरीला लागलेली आमचीच मुलं उचलतात. दरमहा पाचशे रुपये देणारे शंभर जण एका मोठ्या देणगीदारापेक्षा जास्त भरवशाचे.

मुलांना फी लावा, असं सुचवणारेही भेटतील. ऐकू नका. मुकादमाची उचल फेडणाऱ्या आईबापांमागे आपली वसुली लावायची नाही.

करसवलत घेणाऱ्या संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कामावर खर्चावे लागतात. १५ टक्के शिल्लक टाकता येतात. हिवाळ्याचा निधी त्यातूनच उभा राहतो, म्हणून चांगल्या वर्षी ते हमखास टाका. उद्योगाचे हिशेब वेगळे ठेवा. संस्थेच्या उद्दिष्टांत शिक्षण स्पष्ट लिहिलंय का, हे सीएकडून तपासून घ्या. नुसता ‘युवक विकास’ सर्वसाधारण लोकोपयोगी कामात धरला गेला, तर विक्रीची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेल्यावर त्या वर्षाची करसवलत जाते. हे पहिला डबा विकण्याआधीच विचारा. उद्दिष्टांत शिक्षण घालायचं तर संस्थेच्या घटनादुरुस्तीला वेळ लागतो.