आधी पाणी, मग पक्षी

चि. सायलीस,


दसऱ्याला आंजर्ल्याला येते आहेस आणि नवा कॅमेरा घेऊन खाडीवर पक्षी बघायचे आहेत, असं तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं. जरूर ये. मात्र दसरा घरच्यांना दे आणि खाडीसाठी एकादशी-द्वादशी राख.

आपल्याकडचे दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपल्या कामाला एवढा हिशोब पुरतो. पुनवेला भरती भर दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे डोक्यावर ऊन. ओहोटीला जाशील तर पक्षी चिखलभर पांगलेले, नुसते ठिपके दिसतील. भरतीच्या दोन तास आधी कांदळवनाच्या कडेला, सूर्य पाठीशी घेऊन बस. पाणी चढत येतं आणि पक्ष्यांना हळूहळू तुझ्याकडे ढकलत आणतं. तू फक्त हलायचं नाही.

नाव ओळखायची घाई करू नकोस. पुस्तकातली तांबूस, रंगीत चित्रं विणीच्या दिवसांतली. आपल्या खाडीत, जोग नदीच्या मुखाशी येईपर्यंत बहुतेकांनी तो पोशाख उतरवलेला असतो आणि सगळे सारखेच मातकट दिसतात. चोच बघ, चाल बघ. चिखल्या आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा: चार पावलं धावेल, थबकेल, टिपेल. पाणटिवळा सरळ लांब चोच पार तोंडापर्यंत चिखलात खुपसतो. कर्ल्यू बाकदार चोचीने बिळातला खेकडा ओढून काढतो. चिखल एकच, पण प्रत्येकाचा घास वेगळ्या खोलीवर. पिसांच्या कडा फिक्या, नीटनेटक्या दिसल्या तर ते यंदाचं पिल्लू असण्याचा संभव फार. यांतल्या पुष्कळ जातींत आईबाप आधीच निघून जातात. पिल्लं मागाहून, न पाहिलेल्या वाटेने आपली आपण येतात. मला तर अजून हे नवलच वाटतं.

(कुरव बघायचे तर संध्याकाळी हर्णैच्या मासळी लिलावाला जा. तिथे तिथीबिथी लागत नाही.)

आता जरा कडक सांगतो. भरती पूर्ण चढली की थवे वाळूच्या दांड्यावर एका पायावर उभे राहून विसावतात. त्यांना उठवायचं नाही. छोटा चिखल्या लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो, अंगातली चरबी जाळत. चिखल उघडा असेल तेवढा वेळच त्याचं खाणं, भरतीला सक्तीची सुटी. त्यात प्रत्येक उड्डाण म्हणजे खाल्लेलं वाया. उडत्या थव्याच्या एका फोटोसाठी टाळ्या वाजवणाऱ्यांना मी छायाचित्रकार मानत नाही. किनाऱ्यावरचे कुत्रे मागे लागले, तर तूच मागे फिर.

दुर्बीण माझी घे. पहिल्या दिवशी कॅमेरा घरीच राहू दे. एकादशीला उजाडायच्या आत धक्क्यावर ये, आणि तो भडक पिवळा जर्किन घालू नकोस.

तुझा,
अण्णाकाका